गाणं केव्हा सुरू होईन?

तिवस्यात एक गायन मास्तर होते. पोटासाठी पेटी शिकवायची आणि जीव रमवायचा तंबोरा लावण्यात. जवारीचा दोरा सूतभर सरकवायला त्यांना पंधरा मिनिटं पुरत नसत. खरं सांगायचं तर गाण्यापेक्षा त्यांचा तंबोराच गोड लागायचा. पण सतरंजीवरच्या मंडळींना दम कुठला? कोणीतरी विचारायचंच, "मास्तर, गानं केव्हा सुरू होईन?" मास्तर खवळायचे. "मंग आतालोक काय चालू होतं बे?"

त्यांचा पुतण्या मुंबईला चित्रकला शिकत होता. मास्तर एकदा त्याच्याकडे गेले, तेव्हा तो त्यांना वासुदेव गायतोंड्यांचं चित्र दाखवायला घेऊन गेला. "काका, घरानं गोव्याचं, पन जन्म आपल्या नागपुरातला, १९२४ चा." मास्तर खूश झाले. चित्रापुढे उभे राहिले आणि चेहरा पडला. माणूसभर उंच कॅनव्हास, त्यावर करडा-हिरवा रंग, मधेच कुठेतरी उजेड झिरपल्यासारखा. झाड नाही, माणूस नाही.

मास्तरांनी चष्मा पुसला. "हे अर्धंच हाय न बे? पुरं केव्हा होईन?"

पुतण्या काहीच बोलला नाही. नुसता हसला. मास्तरांचे कान तापले. आपलाच प्रश्न कोणाच्या तोंडचा आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

मग पुतण्यानं हळूहळू सांगितलं. हा माणूस रोलरनं रंग चढवायचा आणि ओला असतानाच पातीनं खरवडून काढायचा. वर्षाकाठी चित्रं मोजकीच. 'अमूर्त' हा शब्दही त्याला मानवत नसे.

"म्हंजे लावनं कमी, काढनंच जास्त," मास्तर पुटपुटले. "तंबोऱ्याची घोडी घासते तसं. जरा जास्त घासली का जवारी मेली."

ते समोरच्या बाकावर बसले. बसल्या बसल्या त्यांना गावाजवळची, तुकडोजी महाराजांची मोझरी आठवली. महाराज १९६८ साली गेले. पुण्यतिथीला तिथल्या गुरुकुंज आश्रमात, ते गेले त्या वेळेला, ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट गर्दी उभ्या जागी गप्प होते. टाळ थांबतात, खंजिरी थांबते. सुरू केव्हा होणार, असं तिथं आजवर कोणी विचारलेलं मास्तरांनी ऐकलं नव्हतं. पहारेकऱ्यानं दार लावायची वेळ झाली म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे ते उठले.

तिवस्याला परतल्यावर पुन्हा बैठक बसली. तंबोरा लागत होता. मागून एक पोट्टा म्हणाला, "मास्तर, गानं केव्हा सुरू होईन?"

लोक मास्तरांच्या ओरडण्याची वाट पाहू लागले. मास्तरांनी त्याला पुढे बोलावलं, तंबोरा त्याच्या मांडीवर दिला. "छेड. बोलू नको."

पोट्टा तारा छेडत राहिला. आधी घाईघाईनं, मग सावकाश. त्याची मान तंबोऱ्याच्या भोपळ्याकडे कलली. बराच वेळ गेला. शेवटी मास्तरांनी घसा खाकरला आणि 'सा' लावायला तोंड उघडलं.

"थांबा न जराक," पोट्टा म्हणाला.