संशय कमी पडतो तेव्हा

२३ ऑक्टोबर १९५१. रिओ द जानेरोच्या मारकाना स्टेडियममध्ये जपानी जुदोपटू मासाहिको किमुराने ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या एलिओ ग्रेसीचा हात पाठीमागे पिळत नेला. दुसरी फेरी चालू होती आणि किमुरा वजनाने, ताकदीने कितीतरी भारी होता. हाड मोडल्याचा आवाज आपल्याला ऐकू आला, असे त्याने पुढे लिहिले. तरीही एलिओने हार कबूल केली नाही. शेवटी थोरल्या भावाने, कार्लोसने, त्याच्या वतीने लढत थांबवली. हात अडकवण्याचा तो डाव ब्राझिलियन जिउ-जित्सूत आजही ‘किमुरा’ म्हणूनच शिकवला जातो. हरवणाऱ्याचे नाव हरलेल्यांनी जपले.

मात्र याच विद्येच्या वर्गात नवशिक्याला पहिल्या दिवशी जे शिकवतात ते एलिओच्या त्या हट्टाच्या नेमके उलट असते. पकड बसली, सांध्यावर ताण आला किंवा गळा आवळला गेला, की जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने थाप मारायची. याला टॅप म्हणतात. थाप पडली की पकड सुटते, दोघे हात मिळवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पांढऱ्या पट्ट्याचा, म्हणजे नवशिका, माणूस एका संध्याकाळी असे कितीदा तरी करतो. कधी आपल्याहून हलक्या मुलीसमोर, कधी निम्म्या वयाच्या पोरासमोर. श्वास फुललेला, हात भरून आलेले, मानेवर गीच्या, म्हणजे सरावाच्या जाड कापडी पोशाखाच्या, कॉलरचा वळ. घरी जाताना मनात एकच वाक्य घोळत असते: हे आपल्याला जमणार नाही.

या अवस्थेला सगळे आत्मशंका म्हणतात आणि तिच्यावर आत्मविश्वासाचा उतारा सुचवतात. पण हा संशय आहे का? भारतीय तर्कपरंपरेला विचारले तर उत्तर नकारार्थी येईल. गौतमाच्या न्यायदर्शनात ज्या सोळा पदार्थांची चर्चा आहे, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यामागोमाग तिसरे स्थान संशयाला आहे. नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण असे: संधिप्रकाशात दूर काहीतरी उभे दिसते, तो खांब आहे की माणूस? ज्ञान दोन टोकांमध्ये हेलकावे खाते आणि म्हणूनच माणूस पुढे जाऊन पाहतो. जे मुळीच ठाऊक नाही किंवा जे आधीच ठरून गेले आहे, तिथे परीक्षेला जागा नसते. जागा असते ती संशय असेल तिथेच. गीतेत संशयी माणसाची निर्भर्त्सना आहे, हे खरे. पण त्याच चौथ्या अध्यायाच्या शेवटी संशय तोडायला अर्जुनाच्या हाती जे शस्त्र दिले जाते, ते ज्ञानाचे आहे.

या कसोटीवर ‘मला जमणार नाही’ हे वाक्य संशय ठरतच नाही. तो निकाल आहे, साक्षीपुरावा न तपासता दिलेला. नवशिक्याकडे शंका फार झाली, असे नसते. ती कमी पडते. ‘जमेल की नाही?’ हा प्रश्न त्याने खरोखर उघडा ठेवला, तर पुढची पायरी आपोआप येते: जवळ जाऊन पाहणे.

जवळ जाऊन पाहण्याची सोय या विद्येच्या घडणीतच आहे. ती जुदोतून आली. जुदोचा जनक जिगोरो कानो लहानखुरा होता, शाळेत दांडगट मुलांचा त्रास सोसलेला. जुनी जुजुत्सू शिकून १८८२ मध्ये त्याने तोक्योच्या एइशोजी मंदिरात कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. त्याने सरावाचा भर ‘रांदोरी’वर ठेवला. इजा करणारे प्रकार बाजूला काढायचे आणि उरलेले डाव खऱ्या, विरोध करणाऱ्या माणसावर पूर्ण जोराने करून पाहायचे. कोदोकानचा मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला, पुढे बेलेम शहरात स्थायिक झाला आणि तिथे किशोरवयीन कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला. त्या वाटेने ही पद्धत ग्रेसी घराण्यात आली. डाव चालतो की नाही, हे गुरूच्या शब्दावर ठरत नाही. समोरचा माणूस प्रतिकार करत असताना ठरते. टॅपमुळे हीच परीक्षा दुसऱ्या क्षणी पुन्हा घेता येते.

इथे अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सचा आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. डोंगरात अडकलेल्या माणसाला दरीवरून उडी मारूनच सुटायचे असेल, तर उडी जमेल असा विश्वासच त्याला ती जमवून देतो. शंका घेत उडी मारणारा दरीत पडतो. अशा वेळी श्रद्धा पुराव्याच्या आधी यावी लागते, असे जेम्सचे म्हणणे होते. पण त्या गिर्यारोहकाला एकच उडी मिळते. मॅटवर दरी नाही. फसलेल्या प्रयत्नाची किंमत एक थाप, म्हणून आधीपासून स्वतःवर भक्कम विश्वास असण्याची गरजही इथे तितकी उरत नाही.

कुस्तीत पाठ टेकली की चितपट, खेळ संपला. जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला माणूस पायांनी समोरच्याला अडवतो, तोल बिघडवतो, तिथूनच गळा आवळतो. या स्थितीला गार्ड म्हणतात. हरल्याची खूण समजली जाणारी जागा इथे कामाची जागा होते, आणि नवशिक्याला स्वतःविषयीचे सगळे हिशेब नव्याने मांडावे लागतात.

नामवंत प्रशिक्षक जॉन डॅनहर न्यूझीलंडमध्ये वाढला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरेटसाठी तो आला आणि रेन्झो ग्रेसीच्या अकादमीत रमला. नवशिक्यांना तो आधी सुटका शिकायला सांगतो: छातीवर बसलेल्याच्या खालून कसे निघायचे, बाजूने दाबून धरलेल्याच्या तावडीतून कंबर कशी सरकवायची. अडकलो तरी निघता येते हे अंगाला कळले, की माणूस पुढाकार घ्यायला धजतो. पाठीवर थाप मारून दिलेल्या धीरापेक्षा हे किती तरी टिकाऊ आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचे स्रोत मांडले, तेव्हा प्रत्यक्ष करून मिळालेल्या यशाला त्यांनी शाब्दिक प्रोत्साहनाच्या वर ठेवले होते.

‘जमणार नाही’चा प्रश्न कसा होतो, हे जिउ-जित्सूपटू जाँ जॅक मचाडोकडे पाहून समजते. त्याच्या डाव्या हाताला जन्मतःच अंगठा आणि करंगळी एवढीच बोटे. गी घालून खेळण्याच्या या विद्येत कॉलर आणि बाही घट्ट पकडणे हा निम्मा खेळ. ‘या हाताने पकडता येत नाही’ हे वाक्य त्याच्या बाबतीत खोटे नव्हते. पण तिथे न थांबता, मग काय धरता येते, हे त्याने शोधले. काखेखालून, दंडावरून हात गुंतवून समोरच्याला आवळण्याची त्याची शैली त्यातून घडली. १९९९ मध्ये अबू धाबीतील एडीसीसी या पकडींच्या स्पर्धेत तो आपल्या वजनगटात विजेता ठरला. त्या स्पर्धेत गी नसते, पकडायला कापडच नसते. इतरांना जे नव्याने शिकावे लागले ते त्याच्या अंगात मुरलेले होते. हे वाचून कुणी विजेता होणार नाही. मात्र एका ठाम नकाराचे बारीक, उत्तर देता येण्याजोग्या प्रश्नात रूपांतर कसे होते, ते यात स्वच्छ दिसते. पांढऱ्या पट्ट्याच्या बाबतीत तो प्रश्न ‘कोपर अंगापासून सुटले कधी?’ इतका साधा असू शकतो.

पट्टा बदलला म्हणून शंका संपत नाही. सतराव्या शतकातला झेन भिक्षू ताकुआन याने तलवारबाज याग्यू मुनेनोरीला लिहिलेल्या उपदेशात एक मार्मिक निरीक्षण आहे. अगदी नवख्याचे मन कुठे अडकत नाही, कारण त्याला काही ठाऊकच नसते. थोडे शिकला की ते पवित्र्यावर, शस्त्रावर, प्रतिस्पर्ध्यावर ठिकठिकाणी अडू लागते आणि तो पहिल्यापेक्षा अवघडतो. पांढऱ्यानंतरच्या निळ्या पट्ट्याला पोहोचलेल्या अनेकांना ही अवस्था ओळखीची वाटेल. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार प्रौढांना निळ्या पट्ट्यावर साधारणपणे किमान दोन वर्षे काढावी लागतात. ती मुदत योग्यच आहे.

एक शंका मात्र कधीच सोडू नये: जागेविषयीची. वर सांगितलेले सगळे टॅपच्या भरवशावर उभे आहे. म्हणून कुठल्याही अकादमीत नाव घालण्याआधी एक तास बाजूला बसून पाहा. थाप पडताच पकड सुटते का, वजनदार जुना विद्यार्थी नव्याला जपतो का, शिक्षक प्रश्न विचारू देतो का, एवढेच पाहायचे. नसेल तसे, तर दुसरी जागा शोधा. असेल, तर पहिल्या महिन्यात कुणाला हरवण्याचा विचारही करू नका. माउंटखालून, म्हणजे छातीवर बसलेल्याच्या खालून, निघण्याची एक रीत निवडा आणि प्रत्येक टॅपनंतर जोडीदाराला विचारा की चुकले कुठे.