प्रवाशाची थैली

पाठीवर एक पिशवी टाकून, फारसा गाजावाजा न करितां महिना-दोन महिने परदेशीं हिंडून येणाऱ्या तरुण मंडळींची संख्या आपल्या मध्यम वर्गांत अलीकडे बरीच वाढली आहे. ही मंडळी व्हिएतनाम, थायलंड, पोर्तुगाल असल्या देशांची वाट धरितात. उंची हॉटेलें टाळून एका खोलींत आठ-दहा बिछाने असलेल्या वसतिगृहांत उतरतात, आणि शेजारच्या बिछान्यावर कोणत्या देशाचा मनुष्य निजला आहे याची त्यांस फिकीर नसते. घरून निघतांना वडील माणसें त्यांना जो उपदेश करितात त्याचा बराच भाग पैशासंबंधीं असतो. सगळे पैसे एके जागीं ठेवूं नको, कार्ड कोणाच्या हातीं देऊं नको, अशा तऱ्हेच्या त्या सूचना असतात. हा केवळ व्यवहार म्हणून आपण सोडून देतों. परंतु आमच्या मतें त्याच्या पोटीं नीतीचा एक बिकट प्रश्न दडलेला आहे. ज्यांच्या देशीं आपण पाहुणे म्हणून जातों, त्यांच्याकडे पहिल्या पावलापासून संशयानें पाहणें पाहुण्यास शोभतें काय? आणि शोभत नसेल, तर थैली उघडी टाकून हिंडणें हा शहाणपणा ठरतो काय?

कांहीं उदार मनाचे वाचक म्हणतील कीं, प्रवासाचें सारें सार्थक मन मोकळें होण्यांत आहे. कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवून जो जग पाहतो तो जग पाहतच नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे. पण तें मान्य करण्यापूर्वीं प्रवाशांनीं आजवर आपलें द्रव्य कसें सांभाळलें हें पाहणें इष्ट आहे.

वाटेंत रोख रक्कम जवळ बाळगूं नये ही युक्ति आपणांस कांहीं पाश्चात्त्यांनीं शिकविलेली नव्हे. आपल्या सावकारांच्या हुंड्या शतकानुशतकें हेंच काम करीत होत्या. नरसी मेहतांची कथा महीपतींच्या भक्तविजयामुळें मराठी घरांतही परिचित आहे. द्वारकेस निघालेले यात्रेकरू वाटेंतील चोरांच्या भयानें आपली रक्कम मेहतांच्या स्वाधीन करितात. मेहता सांवळशा शेटाच्या नांवें हुंडी लिहून देतात, आणि प्रत्यक्ष भगवान् ती पटवितात. भाविक या कथेंतून भक्तीचा बोध घेतात, तो योग्यच आहे. आम्हांस येथें यात्रेकरूंचें वर्तन पाहावयाचें आहे. ते देवाच्या दर्शनास निघाले होते, तरी वाटेवरचा प्रत्येक मनुष्य संत आहे असें त्यांनीं मानिलें नाहीं; आणि या सावधपणामुळें त्यांच्या यात्रेचें पुण्य उणें झालें असें कथाकारही म्हणत नाहीं. शिवाय, त्यांनीं विश्वास टाकून दिला असेंही नव्हे. वाटेवर जो विश्वास ठेवावयाचा तो त्यांनीं हुंडी लिहिणाऱ्यावर ठेविला. सावधपणानें विश्वास नाहींसा होत नाहीं. त्याची जागा मात्र बदलते.

पुढील साधनांचा इतिहास या एकाच वाक्याचा विस्तार आहे. १८९१ सालीं अमेरिकन एक्सप्रेस कंपनीनें प्रवाशांसाठीं जो चेक काढिला त्यावर विकत घेतांना एकदां व वटवितांना देणाऱ्यासमक्ष दुसऱ्यांदा सही करावी लागे. दोन्ही सह्या जुळल्या कीं अनोळखी मनुष्य पैसे देई. १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें डायनर्स क्लबचें कार्ड निघालें. २७ जून १९६७ रोजीं लंडनच्या एन्फील्ड भागांत बार्कलेज बँकेनें नोटा देणारें यंत्र भिंतींत बसविलें, आणि माणसाची जागा यंत्रानें घेतली. हुंडी पटविणाऱ्या पेढीचें नांव यात्रेकरूस ठाऊक असे. आज आपण लिस्बनमधील एखाद्या यंत्रांत कार्ड घालतों तेव्हां आपली बँक, कार्डाचें जाळें चालविणारी कंपनी आणि त्या यंत्राची मालक बँक अशा तीन परस्पर दूरच्या संस्था क्षणार्धांत आपल्यासाठीं एकमेकींस हमी देतात. यांपैकीं एकाही संस्थेंतील मनुष्याचें तोंड आपण पाहिलेलें नसतें. खानावळीच्या मालकिणीवर विश्वास ठेवावा कीं नाहीं याची आपण चर्चा करितों. या न दिसणाऱ्या साखळीवर मात्र बिनदिक्कत विसंबतों.

ही साखळीही तुटते. मार्च १९२२ नव्हे, तर अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, मार्च २०२२ मध्यें व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्यांनीं युद्धामुळें रशियांतील व्यवहार बंद केले, आणि थायलंडमध्यें सुटी घालविण्यास गेलेल्या रशियन प्रवाशांच्या हातांतील कार्डें निर्जीव झालीं. त्यांचा खिसा कोणी कापला नव्हता. आपल्या देशांतही ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां येथें आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या हातीं रोकड असूनही ती चालेनाशी झाली. म्हणजे कार्ड दगा देतें तशी रोकडही दगा देते. अनुभवी प्रवासी दोन निरनिराळ्या जाळ्यांचीं कार्डें निरनिराळ्या जागीं ठेवितो, चार दिवस पुरेल इतकी रोकड तिसरीकडे ठेवितो, आणि रोजच्या खर्चाची थैली वेगळी करितो, तें याचसाठीं. २०२० पासून आपल्याकडील नव्या कार्डांवर परदेशांतील वापर आपण होऊन चालू करून घ्यावा लागतो. तें काम तो घरींच उरकतो. यंत्रानें ‘रक्कम रुपयांत आकारूं काय?’ असें गोड शब्दांत विचारिलें, तर तो नको म्हणतो. कारण त्या सोयीचा भाव बहुधा महाग पडतो.

एवढ्या तयारीस कोणी भित्रेपणा म्हणेल. आम्हांस ती परोपकाराच्या जवळची वाटते. परक्या देशांत ज्याची थैली रिकामी होते तो एकटाच अडचणींत येत नाहीं. शेजारच्या बिछान्यावरील मुलास, वसतिगृहाच्या मालकास, अखेर आपल्या वकिलातीसही त्याचा भार उचलावा लागतो. ज्यांच्या औदार्याची आपण स्तुति करितों त्यांच्यावर तें दाखविण्याची सक्ति करणें हा मोकळेपणा नव्हे. दुसरें असें कीं, जो आपलें सर्वस्व कमरेस बांधून हिंडतो त्यालाच प्रत्येक मनुष्य चोर भासतो. ज्यानें तें वांटून ठेविलें आहे, गेलें तर किती जाईल याचा हिशेब ज्यानें केला आहे, तो आगगाडींत शेजाऱ्यानें पुढें केलेली भाकरी मोकळ्या मनानें घेऊं शकतो. व्यवस्थेनें संशय वाढत नाहीं. उलट माणसांवर संशय घेण्याची गरज ती कमी करिते.

येथवर प्रवाशाचा विचार झाला; यजमानाचा व्हावयाचा आहे. २९ जून २०१५ पासून ग्रीसमधील बँका तीन आठवडे बंद होत्या, आणि तेथील रहिवाशांस यंत्रांतून दिवसाला ६० यूरोंहून अधिक काढतां येत नव्हते. परदेशी बँकांच्या कार्डांस ही मर्यादा नव्हती. अथेन्समध्यें एखादा वृद्ध निवृत्तिवेतनधारक आणि एखादा तरुण प्रवासी एकाच रांगेंत उभे आहेत असें मनापुढें आणावें. ज्याचे पैसे त्या देशांत साठले होते त्यास ते मिळत नव्हते. जो परका होता त्यास वाटतील तितके मिळत होते. प्रवाशानें जादा नोटा काढल्या तर कायद्यानें तो दोषी नाहीं. पण हें सामर्थ्य त्याच्या गुणांचें फळ नव्हे, केवळ त्याच्या कार्डाच्या जन्मस्थानाचें आहे, हें ज्यास उमगलें तो गरजेपुरतेंच घेईल, आणि घेतलेलें तेथील लहान दुकानांतच खर्चील. हाच नियम सुबत्तेच्या दिवसांतही लागू आहे. दोन कप चहासाठीं टपरीवाल्यापुढें कार्ड धरिलें, तर आपल्या सोयीची दलाली त्याच्या तुटपुंज्या नफ्यांतून जाते. तेथें सुट्टे पैसे जवळ असणें ही साधी सभ्यता आहे. उलट, स्वीडनमध्यें जेथें पुष्कळ दुकानें नोटा घेतच नाहींत, तेथें नोटेचा आग्रह धरणें हाही तसाच अविनय होय.

तेव्हां वडील माणसांच्या उपदेशांत आम्ही एकच भर घालूं. पैसे सांभाळावे ते लोक वाईट आहेत म्हणून नव्हे. प्रवाशाच्या हातांतील प्रत्येक नोट व कार्ड हें कोणा दूरच्या माणसांनीं एकमेकांस दिलेलें वचन आहे, आणि वचनें मोडूं शकतात, म्हणून. तीं मोडलीं तर त्याचा भार यजमानावर पडूं नये, आणि तीं पाळलीं गेलीं तर त्यांतून मिळणारें सामर्थ्य आपल्या योग्यतेचें आहे असा गर्व होऊं नये, इतकी काळजी ज्यानें घेतली त्यानें थैली झांकून ठेविली तरी त्याचें मन उघडेंच राहील.