कळले, पण केव्हा?

आपल्या हातून झालेली हानी पात्राला कळते, तो क्षण शोकांतिकेचा कणा मानला जातो. अज्ञानातून ज्ञानाकडे नेणाऱ्या या वळणाला ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये ‘ॲनॅग्नोरिसिस’ म्हटले आणि सोफोक्लीजच्या ईडिपसचा दाखला दिला. आपण कोणाला मारले, कोणाशी लग्न केले, हे ईडिपसला खरोखरच ठाऊक नसते. दशरथाचेही तसेच. घागर बुडण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटतो आणि बाण सुटून गेल्यावर माणसाचा आक्रोश ऐकू येतो. अशा पात्रांच्या हातून अनर्थ मोठा घडतो. दोष मात्र तेवढा नसतो.

पण न कळणे नेहमी इतके निष्पाप नसते. महाभारतातल्या दुष्यंताला शकुंतला आठवत असते, तरी भर सभेत तो तिला नाकारतो. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. त्यामुळे नाकारणारा राजा विसरलेला राजा झाला, आणि त्याच्या पश्चात्तापाला प्रेक्षकाची सहानुभूती मिळाली. काव्य म्हणून हा बदल अप्रतिम आहे. त्याने राजाला फार सोडवले, हेही खरे.

सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’तल्या राजा क्रेऑनला असा कोणताही शाप नाही. त्याची मनाई मोडून भावाचे प्रेत पुरल्याबद्दल तो अँटिगनीला गुहेत जिवंत कोंडतो. शहर तिच्यासाठी हळहळते आहे, हे त्याचा मुलगा हीमन सांगतो. देव कोपले आहेत, हे अंध द्रष्टा टायरेसियस सांगतो. म्हणजे कळण्यासारखे सगळे त्याच्या कानांवर आलेले असते. शेवटी तो नमतो, तेव्हा आधी मुलीला सोडव, मग मृताला मूठमाती दे, असा सल्ला वृंद देतो. क्रेऑन क्रम उलटा लावतो. प्रेताचे संस्कार उरकून गुहेशी पोहोचेपर्यंत अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हीमन आणि राणी युरिडिसी तिच्यामागोमाग जातात. अखेरच्या विलापात क्रेऑन मुलासाठी रडतो, बायकोसाठी रडतो. अँटिगनीचे नाव त्याच्या तोंडी येत नाही. त्याला जाण येते ती स्वतःच्या नुकसानीची. जिच्यावर अन्याय केला, ती त्या जाणिवेच्या बाहेरच राहते.

राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त हा प्रश्न आणखी अवघड केला. गडकरी जानेवारी १९१९मध्ये वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने नाटक रंगभूमीवर आणले. त्यातल्या सुधाकराला उशिरा कळते, असे म्हणताच येत नाही. तो वकील आहे, बुद्धिमान आहे. दारूची पकड कशी घट्ट होत जाते, हे आपला मित्र रामलाल याला तो स्वतःच समजावून सांगतो. एकदा तो दारू सोडून काम मागायलाही निघतो. प्रतिष्ठित मंडळी त्याला अपमान करून परत पाठवतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. क्रेऑनने ऐकले नाही. सुधाकराने ऐकले, मान्य केले, आणि तरी त्याचे मूल त्याच्याच काठीने मेले. इथे उशीर ज्ञानाला झालेला नाही, कृतीला झाला आहे. त्यात दार लावून घेणाऱ्यांचाही वाटा आहे, हे गडकऱ्यांनी विसरू दिले नाही.

मात्र सुधाकराचा पश्चात्ताप ज्या बळावर उभा राहतो, ते त्याच्या बायकोचे, सिंधूचे, खोटे बोलणे आहे. स्वतः जखमी असताना नवऱ्याला वाचवण्यासाठी ती फौजदाराला निराळीच हकिकत सांगते. नाटक याला पातिव्रत्याची परिसीमा मानते, आणि बालगंधर्वांच्या सिंधूसाठी प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या रडले. पण तिची जबानी सुधाकराचे डोळे उघडते, तशीच त्याला कायद्यापासूनही वाचवते. आपल्या गुन्ह्याचा निवाडा मग तोच करतो आणि विष घेतो. क्रेऑनच्या तोंडी आपल्या बळीचे नाव नव्हते. सुधाकराच्या तोंडी ते आहे. तरी घरात काय घडले, हे सिंधूला स्वतःच्या शब्दांत खरे सांगता येईल असा प्रसंग नाटकात येत नाही.