बिनपत्त्याची नावं

घोडपदेवमध्ये एखाद्या म्हाताऱ्या गिरणी कामगाराला ‘तुमचं खातं कुठलं?’ असं विचारलं, तर तो ‘साचाखातं’ म्हणेल, नाहीतर ‘वायंडिंग’. हाच प्रश्न बँकेच्या खिडकीतून आला तर तोच माणूस खिशातून पासबुक काढेल. ‘बदली’चंही तसंच. सरकारी कचेरीत बदली म्हणजे हुकूम. गिरणीत बदली म्हणजे माणूस, कायम कामगार आला नाही तर त्या दिवसापुरता त्याच्या जागी लावलेला. ‘साचा’ गिरणीत माग असतो आणि लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती ओतायचा असतो. बोलणाऱ्यांची यात गल्लत होत नाही, कारण कोण बोलतोय आणि कुठे उभा राहून बोलतोय हे समोर दिसत असतं. यंत्राला तेवढंच दिसत नाही.

हे सुचायचं कारण असं, की आम्ही काही जण इथल्या गिरणी कामगार कुटुंबांची एक संगणकीय नोंद तयार करतो आहोत. कोण कुठल्या गिरणीत होतं, कुठल्या कामावर, कुठल्या गावाहून आलेलं. माहिती तीन ठिकाणांहून आली: एका निवृत्त कारकुनाने उतरवून ठेवलेली वही, एक जुनी सभासद यादी आणि कुटुंबांनी स्वतः भरून दिलेले अर्ज. तिघांच्या एक्सएमएल फाइल झाल्या. आता त्या प्रोटेजेमध्ये घ्यायच्या होत्या. प्रोटेजे हे स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेलं, फुकट मिळणारं ऑन्टॉलॉजी संपादक. ऑन्टॉलॉजी म्हणजे आपल्या विषयात कोणत्या गोष्टी आहेत, त्यांचे प्रकार कोणते आणि त्यांची एकमेकांशी नाती काय, याचा यंत्राला कळेल असा आराखडा. वहीत ‘खाते’ नावाचा रकाना होता, कुटुंबांच्या अर्जातही होता. पहिल्यात लिहिलं होतं ‘वायंडिंग’. दुसऱ्यात भविष्यनिर्वाह निधीचा आकडा.

यावर तांत्रिक उत्तर केव्हाचंच आहे. एक्सएमएल १९९८ साली प्रमाणित झालं आणि वर्षभरात, जानेवारी १९९९ मध्ये, त्याला नेमस्पेसची जोड मिळाली. मराठीत याला नामविश्व म्हणतात. कल्पना साधी आहे. प्रत्येक नावामागे एक लांबलचक पत्ता जोडायचा, वेबपत्त्यासारखा दिसणारा. दोन ‘खाते’ दोन पत्त्यांखाली गेले की ते यंत्रासाठी दोन वेगळे शब्द होतात. एवढा पत्ता दर वेळी लिहिणं जिकिरीचं, म्हणून फाइलच्या सुरुवातीला त्याचं छोटं टोपणनाव सांगायचं आणि पुढे तेच वापरायचं. टोपणनाव त्या फाइलपुरतं. दुसऱ्या फाइलमध्ये तेच टोपणनाव भलत्याच पत्त्यासाठी असू शकतं आणि त्याने काही बिघडत नाही, कारण खरं नाव म्हणजे पूर्ण उलगडलेला पत्ता.

आपल्याकडे याचं चांगलं उदाहरण इंदू मिलचं. दादरच्या ज्या जागेवर डॉ. आंबेडकरांचं स्मारक होत आहे, ती कागदोपत्री इंडिया युनायटेड मिल नंबर ६. ‘इंदू’ हे तिचं टोपणनाव. पण ‘इंडिया युनायटेड’च्या इतर क्रमांकांच्या गिरण्याही होत्या, आणि परळची एक नंबरची त्याआधी जेकब ससून मिल होती. एखाद्याने ‘मी इंडिया युनायटेडला होतो’ म्हटलं की क्रमांक विचारल्याशिवाय तो कुठे होता हे कळत नाही. टोपणनाव कितीही बदलो, उलगडा शाबूत असला की माणूस सापडतो. उलगडा हरवला की माणूसही हरवतो.

इथवर हा नुसता नीटनेटकेपणाचा मामला आहे. नैतिक प्रश्न पुढे सुरू होतो. ज्या फाइलने स्वतःचा पत्ता सांगितलेलाच नाही, तिच्या नावांचं काय? संपादक ती नावं टाकून देत नाही. तो ती सहसा आपल्या चालू आराखड्याच्या पत्त्याखाली घेतो. म्हणजे ज्याने आराखडा मांडला त्याचा पत्ता आपोआप सगळ्यांना लागतो. कुटुंबाने ‘गाव’ या रकान्यात आजोळ लिहिलेलं असतं, आराखड्यात ‘गाव’ म्हणजे कायमचा पत्ता. कुणी खोटं लिहिलेलं नसतं, कुणी काही बदललेलं नसतं, तरी त्या कुटुंबाच्या तोंडी त्याने न उच्चारलेलं विधान घातलं जातं. जो आपला पत्ता सांगत नाही तो यजमानाचा होतो. आणि पत्ता सांगायची गरज कुणाला भासत नाही, हेही पाहण्यासारखं आहे. ज्याचं बोलणं सर्वत्र चालतं, त्याला ‘माझ्या बोलण्यात याचा अर्थ असा’ हे कधी सांगावं लागत नाही. ‘बदली’चा सरकारी अर्थ आधी येतो, गिरणीतला जणू कंसात.

आपली नावंही नामविश्वंच आहेत. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. एका चाळीत चार तुकाराम असले तरी पूर्ण नावाने वेगळे होतात, तरी न भागलं तर गावाने. पण ही व्यवस्था पुरुषांसाठी आयुष्यभर स्थिर राहते. बाईचं मधलं नाव आणि आडनाव लग्नात बदलतं, काही घरांत पहिलं नावही. वायंडिंगमध्ये काम केलेल्या बायकांच्या नोंदी जुळवताना हे पदोपदी जाणवतं: वहीत एक बाई आहे, अर्जात दुसरी, आणि तिसऱ्याच कागदावर दोघींमधला दुवा. पुरुषाला ‘तो मीच’ हे सिद्ध करावं लागत नाही. बाईला प्रतिज्ञापत्र करावं लागतं, राजपत्रात छापून आणावं लागतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचं नाव वडिलांच्या आधी लावायला सांगितलं, ते चांगलंच झालं. पण त्या आईचं स्वतःचं नाव कुठल्या पत्त्यावरचं, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मग दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे सांगायचं कसं? ऑन्टॉलॉजीच्या भाषेत त्यासाठी एक विधान आहे: ‘हे आणि ते एकच.’ ते फार बलवान आहे. एकदा केलं की पहिल्याबद्दल जे जे खरं ते दुसऱ्याबद्दलही खरं ठरतं, आणि यंत्र त्यातून पुढचे निष्कर्ष न विचारता काढत जातं. गिरणगावात हे निष्कर्ष कागदावर राहत नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं, तेव्हा १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर असल्याचा पुरावा लागू लागला. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास गेले. घरं त्या मानाने थोडी. आमची नोंद काही सरकारी नाही, तिच्यावरून कुणाला घर मिळणार नाही. पण माणसं तिचा छापील कागद मागतात, घडी करून पिशवीत ठेवतात. त्यावर दोन भावांच्या नोंदी चुकून एक झालेल्या असतील, तर एका भावाची नोकरी दुसऱ्याच्या नावावर चढते आणि वारसांमध्ये भांडण लागतं.

यावर एक सोपं उत्तर सुचतं: मग काहीच एक म्हणू नका. प्रत्येकाचं नामविश्व वेगळं ठेवा, कुणाच्या शब्दाला हात लावू नका. हे ऐकायला आदराचं वाटतं. मला ते पटत नाही. वेगळ्या ठेवलेल्या नोंदी एकमेकींना ओळखतच नाहीत. माहेरच्या नावाने गिरणीत लागलेली आणि सासरच्या नावाने निवृत्त झालेली बाई त्यात कायम दोन अर्ध्या बायका राहते, आणि अर्ध्या नोकरीवर कुणाचाच हक्क बसत नाही. ‘तुमची ओळख आम्ही जशीच्या तशी जपली’ असं तिला सांगणं म्हणजे जोडण्याचं कष्टाचं काम तिच्यावरच ढकलणं. गैरसमजाने जोडणं हा अन्याय, तसा संकोचाने न जोडणं हाही.

म्हणून प्रश्न जोडावं की नाही असा नाही, जोडणाऱ्याने काय पत्करावं असा आहे. २००९ साली प्रमाणित झालेल्या स्कॉस या पद्धतीत एक शहाणपण आहे. तिथे ‘तंतोतंत जुळतं’ आणि ‘जवळपास जुळतं’ अशी दोन नाती वेगळी ठेवली आहेत. तंतोतंतचं नातं पुढे सरकतं: क म्हणजे ख, ख म्हणजे ग, तर क म्हणजे ग. जवळपासचं नातं मुद्दाम सरकू दिलेलं नाही. जवळच्याच्या जवळचं कधी दूर गेलं हे कळत नाही, हे त्यात ओळखलेलं आहे. ती पद्धत शब्दांच्या आणि संकल्पनांच्या जुळणीसाठी आहे, माणसांच्या नाही. पण तिच्यातला विवेक आम्ही उचलला. तिन्ही फाइलना आत घेण्याआधी आपापला पत्ता दिला, वहीतलं ‘खाते’ वहीचंच राहिलं. ‘एकच’ हे विधान फक्त त्या व्यक्तीने किंवा तिच्या घरच्यांनी सांगितलं तरच करायचं, आणि त्यासोबत कोणी, कधी, कोणत्या कागदावरून सांगितलं ते लिहायचं. बाकी सगळं ‘जवळपास’. आणि प्रत्येक जोड उसवता आली पाहिजे, अशी अट.

याने काम मंदावलं. शंभर नोंदी यंत्र क्षणात जोडून देतं, तिथे आम्ही एकेका जिन्याने वर जाऊन विचारतो. कधी उत्तर मिळतं, ‘मीच ती, पण ते नाव आता नका लिहू.’ तेव्हा काय करायचं? जोड खरी आहे, पण ती सांगण्याचा हक्क माझा नाही, असं मी मानतो. ती जोड लिहायची नाही आणि तिच्या जागी ‘जवळपास’ही लिहायचं नाही. आराखडा तेवढा अपुरा राहील. पूर्ण आराखड्यापेक्षा ज्याचं नाव आहे त्याच्या संमतीला मी जास्त किंमत देतो. यात खरी माहिती गाळली जाते आणि उद्याच्या अभ्यासकाचं नुकसान होतं, हा आक्षेप मला मान्य आहे. ते नुकसान मी तिच्या पदरात न घालता अभ्यासकाच्या पदरात घालतो, एवढंच.

नामविश्वाच्या पत्त्याबद्दल लोक एक प्रश्न नेहमी विचारतात: हा पत्ता उघडला तर तिथे काय दिसेल? बहुतेकदा काहीच नाही, आणि नियमानुसार काही असायला हवं असंही नाही. पत्ता ओळख पटवण्यासाठी असतो, पोचण्यासाठी नव्हे. घोडपदेवच्या लोकांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. न्यू हिंद मिल बंद पडून जमाना झाला, तिच्या जागेवर म्हाडाचे टॉवर उभे आहेत, कामगारांची कुटुंबंही त्यात राहायला आली आहेत. तरी पत्त्यात अजून ‘न्यू हिंद मिल’ लिहितात, आणि पोस्टमन बरोबर येतो.