संकट माशांनी घेतलं नव्हतं

आत्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली त्याच दुपारी हॉलमध्ये टँक आला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. वास्तू बघणाऱ्या गृहस्थांनी दिशा सांगितली होती आणि मासेही मोजून दिले होते, आठ सोनेरी आणि एक काळा. दुकानातून आलेल्या मुलांनी नळाचं पाणी भरलं, क्लोरिन मारायचं औषध टाकलं, वर प्लॅस्टिकचं लांबट खोकं बसवलं. त्या खोक्यात पांढऱ्या कापसाची एक घडी आणि एक छोटा पंप, एवढाच काय तो फिल्टर. तासाभरात तळहाताएवढे नऊ गोल्डफिश सोडून मुलं निघून गेली. आलेला प्रत्येक पाहुणा चिमूटभर दाणे टाकत होता आणि मासे वर झेपावले की मुलं टाळ्या पिटत होती.

सहाव्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. कल्ल्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. दहाव्या दिवशी सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. पंधरवडा संपेपर्यंत टँक रिकामा. काळा मासा शेवटी गेला तेव्हा आत्या हळहळली, पण लगेच म्हणाली, "जाऊ दे गं. घरावर काहीतरी येणार होतं, ते त्यांनी आपल्या अंगावर घेतलं." घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी नवे नऊ मासे आले.

मी त्या दिवशी गप्प बसले. शुभकार्याच्या घरात वाद नको, असं वाटलं. त्यानंतर हेच वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं, की आता गप्प बसणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. म्हणून हा लेख.

मासे कशाने मेले, हे सांगायला पंचांग लागत नाही. मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा कचरा तो अमोनियाच्या रूपाने टाकतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून, म्हणजे श्वास घेतो त्याच वाटेने. नदीत तो अमोनिया वाहून जातो, पातळ होतो. काचेच्या पेटीत तो कुठे जाणार? उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भरच घालतात. पाणी दिसायला मात्र आरशासारखं स्वच्छ असतं, कारण अमोनियाला रंग नसतो. कल्ले जळत जातात, मासा गुदमरतो. पाण्याचा सामू सातवरून आठवर गेला, तर तेवढ्याच अमोनियातला खरा विषारी भाग सुमारे दसपट होतो.

यावरचा उपाय निसर्गाने करून ठेवला आहे. काही जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच, त्याने माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य असतं, पाणी बदलून काढून टाकता येतं. हे काम सजीवांचं आहे, हे फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ साली दाखवून दिलं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये दुसरी पायरी मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू पार पाडतात, हे १९९८ साली स्पष्ट झालं. म्हणजे फिल्टर हे यंत्र दिसत असलं, तरी खरं पाहता ते या जिवाणूंचं घर आहे. पंप फक्त पाणी त्यांच्या दारापर्यंत नेतो.

आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये, कारण ती रोज रात्री विरजण लावते. दूध ओतलं की लगेच दही होत नाही, हे तिला ठाऊक असतं. टँकचंही तसंच आहे. फरक इतकाच, की दही रात्रीतून लागतं आणि फिल्टर लागायला चार ते सहा आठवडे जातात. त्या दिवसांत टँकमध्ये मासा नको. रोज चिमूटभर खाणं टाकून कुजू द्यायचं, पंप चालू ठेवायचा, जिवाणूंना अमोनिया मिळू द्यायचा. ओळखीच्या कुणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणावा. शेजारणीकडून विरजण मागतात तसाच. तो ओल्या पिशवीतून आणून लगेच आपल्या फिल्टरमध्ये ठेवला तर हा काळ निम्म्यावरही येतो. पाणी तपासायचा संच दुकानात मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि तिथेच टिकले, की समजावं, फिल्टर लागला.

आता फिल्टर कोणता, ते बघू. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे २४ घनफूट, म्हणजे ६८० लिटर पाणी. नुसत्या पाण्याचं वजन ६८० किलो, तेव्हा स्टँड आणि जमीन आधी बघून घ्यावी. मोठ्या टँकमधलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरावं, असा साधा ठोकताळा आहे. आपल्या टँकसाठी ते साडेतीन हजार लिटरच्या घरात जातं. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा बघून फसू नये. तो आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. चार फूट उंची, दोन वळणं आणि बारीक नळी आली की प्रवाह निम्म्यावर येऊ शकतो. खरा प्रवाह घरच्या घरी मोजता येतो. फिल्टरमधून परत येणाऱ्या नळीखाली २० लिटरची बादली धरायची आणि घड्याळ बघायचं. २० सेकंदांत भरली तर ताशी ३६०० लिटर. ४० सेकंद लागले तर दुकानदाराशी बोलायचं.

एवढ्या टँकला माझं मत निःशंकपणे संपच्या बाजूने आहे. संप म्हणजे खालच्या कपाटात ठेवलेली दुसरी, साधारण तीन फुटी टाकी. वरच्या टँकमधलं पाणी कडेवरून ओघळत नळीने खाली येतं, आधी जाड स्पंज आणि कापसाच्या कप्प्यात गाळ सोडतं, मग सिरॅमिक रिंगांच्या किंवा लाव्हा दगडांच्या कप्प्यातून झिरपतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप त्याला परत वर पाठवतो. महागडं काही लागत नाही. काच कापणारा कारागीर कप्पे करून देतो. रिंगा परवडत नसतील तर भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या भरा. जिवाणूंना पृष्ठभाग हवा असतो, ब्रँडशी त्यांना देणंघेणं नसतं. फक्त घासणीत साबण नको आणि लोखंडही नको. कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्यातला फिल्टर, घ्यायचाच असेल तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्यावेत, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. वरच्या खोक्याचा फिल्टर लहान टँकला ठीक आहे. सहा फुटी टँकला तो पुरत नाही.

वीज जाणं आपल्याकडचंच वास्तव आहे आणि परदेशी माहितीपत्रकांत त्याचा विचार फारसा नसतो. पंप बंद पडला की वरचं पाणी ओघळण्याच्या कडेपर्यंत खाली उतरतं. तेवढी जागा संपमध्ये रिकामी ठेवली नसेल तर हॉलभर पाणी होतं. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक छोटं भोक पाडलं, की हवा आत शिरून त्या नळीतून पाणी खाली खेचणारी उलटी ओढ तुटते. टँक पहिल्यांदा भरल्यावर मुद्दाम बटण बंद करून हे पडताळून पाहा. बंद कॅनिस्टरमध्ये काही तासांत आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात. दिवसभर वीज नसेल तर आतलं साचलेलं पाणी फेकल्याशिवाय तो पुन्हा चालू करू नये. शिवाय बॅटरीवर चालणारा एक एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर प्रत्येक मोठ्या टँकमध्ये असायलाच हवा. उन्हाळ्यात तर फारच. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. मे महिन्यात रात्री दोन वाजता वीज गेली, की आधी मोठे मासे जातात.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो आपल्या 'टँक धुण्याचा'. महिन्यातून एकदा माणूस येतो, मासे बादलीत काढतो, सगळं पाणी गटारात सोडतो, खडे न्हाणीघरात नेऊन नळाखाली खळाखळा धुतो, स्पंज साबणाने घासतो. दोन तासांत टँक लखलखीत होतो. त्या दोन तासांत सहा आठवड्यांचं विरजण फेकून दिलेलं असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन जिवाणू मारण्यासाठीच असतं, ते आपलं काम चोख करतं. आठवडाभराने मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, मग पिवळं औषध, निळं औषध. यातल्या काही औषधांनी उरलेसुरले जिवाणूही जातात.

खरी सफाई शांतपणे करायची असते. आठवड्याला पाव पाणी नळीने खड्यांतला गाळ ओढत काढायचं. ते बादलीत धरायचं आणि त्याच पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा. मी माझा स्पंज पिळते तेव्हा चॉकलेटी गाळ निघतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. हा वास आला म्हणजे फिल्टर जिवंत आहे. कुजका वास आला तर आत कुठेतरी पाणी अडलं आहे. रिंगांना सहसा हात लावू नये, लावलाच तर एका वेळी तिसरा हिस्सा. पाव पाणी म्हणजे दर आठवड्याला १७० लिटर. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या राज्यात हे १७० लिटर गटारात सोडणं पाप आहे. त्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खतच. सोसायटीच्या बागेत ओता. आणि तेही जमणार नसेल, तर सहा फुटी टँकचा हट्टच सोडा.

आता आत्याच्या वाक्याकडे परत येते. जत्रेत बोकड कापणाऱ्या गावकऱ्याला आम्ही शहरातली शिकलेली माणसं मागासलेला म्हणतो. तो निदान काय करतो आहे ते उघड सांगतो. आमच्या हॉलमध्ये, सोफ्यासमोर, दिव्याच्या निळ्या प्रकाशात नऊ जीव पंधरा दिवस गुदमरत मरतात आणि त्याला आम्ही बळी म्हणतसुद्धा नाही, 'संकट टळलं' म्हणतो. या एका वाक्याने किती गोष्टी झाकल्या जातात, बघा. दुकानदाराला जाब विचारायला नको. वास्तू बघणाऱ्याचं भाकीत खरं ठरतं. आणि यजमानाला तर आनंदच व्हायचा. मासा मेला म्हणजे पैसे वसूल! मरणं हेच ज्याचं काम ठरवलं, त्याच्यासाठी फिल्टर कोण लावणार?

२०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी प्राण दिले. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे आणि त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. मासा त्यात येतो. पण आत्याच्या हॉलमध्ये कोणता कायदा शिरणार? तिथे घरातलंच माणूस बोलायला हवं. श्रद्धेवर घाव घातला असं कुणाला वाटेल, तर वाटू द्यावं. तुमचा देव मान्य, तुमची दिशाही मान्य. टँक त्या दिशेला ठेवा, मासे नऊच ठेवा. पण ते जगले पाहिजेत, एवढी अट माशांच्या वतीने मी घालते.

हे सगळं मी आत्यालाही शेवटी सांगितलं, तिसऱ्यांदा मासे मेल्यावर. ती रागावली. चार दिवस फोन उचलला नाही. मग एका रविवारी तिनेच विचारलं, "तुझ्याकडचा तो स्पंज किती तासांत आणायला लागतो?" मी ओल्या पिशवीत तुकडा घेऊन गेले. खालच्या कपाटात संप बसवला होता, काच कापणाऱ्याने कप्पे नीट केले होते. रिकाम्या टँकमध्ये आत्या रोज चिमूटभर दाणे टाकायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'मासे कुठे?' या प्रश्नाचं उत्तर द्यायची. रोज संध्याकाळी नळीत पाणी घेऊन थेंब टाकायची आणि रंगाच्या कागदाशी धरून वहीत तारीख लिहायची. अमोनियाचा हिरवा रंग अकराव्या दिवशी पिवळा झाला. नायट्राइटचा जांभळा मात्र हटेना. विसाव्या दिवशी तिने मला फोटो पाठवला, पंचविसाव्या दिवशी पुन्हा. सत्ताविसाव्या दिवशी रात्री साडेदहाला फोन आला.

"निळा आलाय," ती म्हणाली. "फिक्कट निळा. उद्या परत बघते. परवाही निळा राहिला तर तीन मासे आणते. बाकीचे सहा पुढच्या महिन्यात."