अनुपस्थिताची जागा

१९५३ सालच्या मे महिन्यात आई आम्हां दोघां भावंडांना घेऊन बेळगावहून मडगावला माहेरी निघाली, तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि धाकटी बहीण चारांची. वडील शाळेत शिक्षक. उत्तरपत्रिका तपासावयाच्या राहिल्या होत्या, म्हणून ते आम्हांला स्टेशनापर्यंत पोचवून परत फिरले. लोंढ्याला गाडी बदलावयाची, कॅसलरॉकला भारताच्या हद्दीतील जकातीच्या शिपायांना ट्रंक उघडून दाखवावयाची, कुळे स्टेशनात पोर्तुगीज अंमलदारांपुढे तीच ट्रंक पुन्हा उघडावयाची, आणि या साऱ्या खटाटोपात एक मूल कडेवर आणि दुसरे पदराशी सांभाळावयाचे, असा तो प्रवास होता.

डब्यात समोर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी विचारले, "बाये, घरकार येवंक ना?" आई म्हणाली, "ना, तांकां काम आसा." बाईंनी मान हलविली आणि न विचारता बहिणीला स्वतःच्या मांडीवर घेतले. त्या प्रश्नात संशय नव्हता. एकीचे ओझे दोघींनी वाटून घेण्याची ती प्रस्तावना होती.

कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबे. आईने पिशवीतून एक पोस्टकार्ड काढले. त्यावर वडिलांचा पत्ता घरीच लिहून ठेवलेला होता. पलीकडे पोर्तुगीज टपाल. तेथे हे कार्ड चालणार नव्हते. तिने पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या, 'येथवर सुखरूप आलो, मुले बरी आहेत,' आणि ते पेटीत टाकण्याचे काम माझ्यावर सोपविले. पेटीच्या तोंडापर्यंत माझा हात पोचेना, तेव्हा एका हमालाने मला उचलून धरले.

हे सारे आज आठवण्यास एक निमित्त घडले. त्या वेळी परक्या बाईंच्या मांडीवर झोपलेल्या माझ्या बहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, गोव्यात दिलेली आहे. तिचे यजमान जहाजावर नोकरीला. वर्षातील सात-आठ महिने समुद्रावर. गेल्या वर्षी दोन्ही मुलांना घेऊन जर्मनीत राहणाऱ्या जावेकडे जावे असे तिने ठरविले. व्हिसाच्या कचेरीत तिला सांगण्यात आले, की वडील बरोबर नाहीत तर मुलांच्या प्रवासास त्यांची लेखी संमती हवी, आणि तीही मूळ सहीची. यजमान त्या वेळी बंदराबंदरांतून फिरत होते. कागद येईपर्यंत शाळेची सुट्टी अर्धी संपली. ती मला म्हणाली, "मामा, मुलांचे ताप मी काढले, शाळा मी पाहिली, लस टोचायला मी नेले. तेव्हा कोणी सही मागितली नाही. आता त्यांना फिरायला न्यायचे, तर मी चोर?"

मी तिला त्या क्षणी उत्तर देऊ शकलो नाही. तिचा राग खोटा नव्हता. परंतु मागणारा कागदही सर्वस्वी खोटा होता असे मला वाटेना. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम कागदाची बाजू घेऊ. पतिपत्नींचे पटेनासे झाले, आणि त्यांपैकी एकाने मुलाला सुट्टीच्या निमित्ताने दुसऱ्या देशी नेऊन परत आणलेच नाही, असे प्रसंग जगात इतके घडले, की त्यांवर उपाय म्हणून १९८० साली हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार करण्यात आला. अशा मुलास त्याच्या नेहमीच्या राहत्या देशी सत्वर परत पाठवावे, हे त्याचे सूत्र. भारत आजही त्या करारात सामील झालेला नाही, आणि त्याची कारणेही विचार करण्याजोगी आहेत. कारण परदेशी सासुरवासात गांजलेली स्त्री मुलाला उराशी धरून माहेरी पळून येते, तेव्हा तिला 'पळवणारी' म्हणावे काय, हा प्रश्न सोपा नाही. परंतु मुलाच्या बाजूने पाहिले, तर एक गोष्ट निर्विवाद आहे. आजीकडे जातो म्हणून निघालेले मूल महिन्याभराने विचारते, "बाबा केव्हा येणार?" आणि त्याला उत्तर मिळत नाही. त्याने कोणताही निर्णय घेतलेला नसतो, तरी त्याचे अर्धे जग नाहीसे झालेले असते. प्रवास आणि अपहरण यांतील भेद तिकिटावर छापलेला नसतो. दोहोंची गाडी एकच, शिदोरीही एकच. भेद परतण्याच्या हेतूत असतो, आणि हेतू तर खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनाला दिसत नाही. म्हणून तो कागद मागतो.

आता भाचीची बाजू. ती रागावली ती कागदावर नव्हे, तर त्यामागच्या एका जुन्या गृहीतावर. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून प्रथम वडील, आणि त्यांच्या 'नंतर' आई, असा क्रम घातलेला आहे. पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे तोच कायदा म्हणतो. म्हणजे रात्री जागावयाचे तिने आणि सही करावयाची त्यांनी! गीता हरिहरन या लेखिकेने १९८४ मध्ये आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही नाही म्हणून तो अडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने कलम रद्द केले नाही. 'नंतर' या एका शब्दाचा अर्थ मात्र लावून दिला. 'नंतर' म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर असे नव्हे, तर त्यांच्या अनुपस्थितीत. आणि अनुपस्थिती म्हणजे केवळ देहाने दूर असणे नव्हे. मुलाविषयी उदासीन असणे, आजारामुळे असमर्थ असणे, उभयतांच्या संमतीने तो भार आईकडे असणे, हीही अनुपस्थितीच.

हा अर्थ मला कायद्याच्या पलीकडे जाणारा वाटतो. घरात आरामखुर्चीवर बसलेला बाप अनुपस्थित असू शकतो, आणि हजारो मैलांवर जहाजाच्या यंत्रघरात घाम गाळणारा बाप उपस्थित असू शकतो. एकट्याने मुलांना घेऊन निघालेल्या माणसाला 'दुसरे कोठे आहेत?' असे विचारणाऱ्याने हे ध्यानात ठेवावयास हवे, की त्या प्रश्नाचे खरे उत्तर नकाशावर सापडेलच असे नाही.

शिवाय काहींच्या बाबतीत ते उत्तर कोठेच सापडत नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांची मनोरमा दोन वर्षांची होती आणि पती निवर्तून फार काळ लोटला नव्हता. त्या मुलीच्या समुद्रप्रवासाला कोणाची सही आणावयाची होती? त्याहून अवघड गोष्ट ती, जेथे दुसरा हयात आहे पण ओळख देत नाही. कालिदासाच्या नाटकात अंगठी हरवते आणि राजा विसरतो; दोष शापाकडे जातो. महाभारतातील मूळ कथेत अंगठीच नाही. तेथे शकुंतला वाढत्या मुलाचा हात धरून राजसभेत येते, आणि राजाला सारे आठवत असूनही तो भर सभेत नाकारतो. अखेर आकाशवाणीला साक्ष द्यावी लागते. आजच्या टाकून दिलेल्या स्त्रीसाठी आकाशवाणी होत नाही. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टाच्या नियमांत बदल झाला आणि अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरे, असे ठरले. एवढा एक दरवाजा तरी आकाशवाणीवाचून उघडला.

आणि पित्याचे काय? मुलीला घेऊन एकटा निघालेला बाप मी अनेकदा गाडीत पाहिला आहे. पोर रडू लागली, की डब्यातील दहा डोळे त्याच्याकडे वळतात. आईच्या बाबतीत समाज तिच्या अधिकाराविषयी शंका घेतो. बापाच्या बाबतीत त्याच्या मायेविषयी. दोन्ही शंकांचे मूळ एकच: माया एकीची आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी आपण मनात केलेली वाटणी. ती मोडल्यावाचून भाचीचा अपमान थांबणार नाही आणि त्या बापाचाही.

मग संमतीचा कागद असावा की नसावा? माझ्या मते तो असावा, परंतु तो कोणाचा आहे हे नीट समजून. तो मालकाने दिलेला परवाना नव्हे. मूल हे कोणाच्या मालकीचे नसते. मुलाला दोघांचा सहवास हवा असतो, आणि त्यांपैकी एक प्रवासात नसताना त्याची जागा कोणी बळकावलेली नाही, एवढेच त्या कागदाने सांगावयाचे. म्हणजे तो वास्तविक मुलाचा कागद होय. असे मानले, म्हणजे तिघांवर तीन कर्तव्ये येतात. बरोबर असलेल्याने अनुपस्थिताची जागा राखावी. त्याला कळवावे, मुलाच्या बोलण्यात त्याचे नाव राहू द्यावे, त्याच्याविषयीचा राग मुलाच्या शिदोरीत बांधून देऊ नये. अनुपस्थिताने आपल्या सहीचा लगाम करू नये. भांडणातील डाव म्हणून जो सही अडवतो, तो पत्नीला नव्हे, मुलाला अडवतो. आणि विचारणाऱ्याने मुलाच्या देखत विचारू नये. 'तुझे बाबा कोठे आहेत?' हा प्रश्न ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा पोराला खिडकीसमोर उभे करून विचारणे, हे कोणत्याही नियमात बसत असले तरी अधर्मच आहे.

यावर कोणी म्हणेल, की जेथे विश्वास आहे तेथे कागद कशाला, आणि जेथे विश्वास नाही तेथे कागदाने काय साधणार? आक्षेप चांगला आहे. परंतु विश्वासालाही काही चिन्हे लागतात. माझ्या आईवडिलांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास होता. तरीही कॅसलरॉकचे ते कार्ड तिने घरूनच पत्ता लिहून बरोबर घेतले होते. त्यात तिने परवानगी मागितली नव्हती आणि हिशोबही दिला नव्हता. हद्द ओलांडण्यापूर्वी, जेथवर आपले टपाल पोचते तेथवर, तिने वडिलांना प्रवासात सामील करून घेतले, इतकेच. कागद तोच, तो आपण होऊन दिला तर जिव्हाळा ठरतो, उर्मटपणे मागितला तर अपमान. मागण्याची रीत सुधारावी, एवढे तरी कचेऱ्यांच्या हाती निश्चित आहे.

भाची जर्मनीहून परत आल्यावर मी तिला हे सारे बोलून दाखविले. तिला ते पुरते पटले असे नाही. "मामा, तुमच्या आईला ते कार्ड कोणी सक्तीने लिहायला लावले नव्हते," ती म्हणाली. हे खरेच आहे, आणि त्याला मजजवळ उत्तर नाही. मात्र तिच्या धाकट्याने तेथून रोज रात्री वडिलांना दिवसभराचा वृत्तान्त फोनवर बोलून पाठविला, असे तिच्याच बोलण्यात पुढे आले. जहाज संपर्काच्या टप्प्यात येई तेव्हा चार-चार दिवसांचे निरोप वडिलांना एकदम मिळत. ते पाठवावयास तिनेच त्याला शिकविले होते; कोणत्याही कचेरीने ते तिच्याकडे मागितले नव्हते.