अंगाचं माप

धानाच्या रोवणीत बाईचा हात किती चालतो ते पाहतात; कंबर किती बारीक आहे, ते कुणी पाहत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या बाजूच्या कित्येक मुली घरात हेच माप बघत वाढल्या. लग्नाच्या बोलणीत रंगाचा विषय तेव्हाही निघायचा, त्यामुळे तो काळ उदार होता असं मी म्हणणार नाही. पण गोंड बाईचं अंग तिच्या समाजाने गोंदणाने सजवलं होतं. दागिने इथेच राहतात, गोंदण मेल्यावरही सोबत येतं, अशी त्यामागची श्रद्धा. तेच गोंदण आज कॉलेजात जाणाऱ्या नातीला मागासपणाची खूण वाटू शकतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

नजर बदलायला बाजाराने मोठा हातभार लावला. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली. गोरेपणाशिवाय नोकरी नाही, नवरा नाही, हे तिच्या जाहिराती वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' गेलं; शिकवण मात्र मुरलेली होती.

अशीच नजर फिजी बेटांवरही बदलली. तिथे भरलेलं अंग चांगलं मानत. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही पोचला. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी तेव्हा संशोधक अॅन बेकर यांच्या पाहणीत नव्हती. १९९८ मध्ये अशा मुली ११.३ टक्के निघाल्या. टीव्हीवर तुलना निदान परक्या नटीशी होती. मोबाइलचा कॅमेरा मुलीला तिचाच चेहरा उजळ आणि निमुळता करून दाखवतो. मग आरशातली ती स्वतःलाच उणी वाटू लागते. ही तुलना मला जास्त घातक वाटते.

अर्थात, फिजीची गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचा आजारही आहे. अशा ठिकाणी 'किती छान बारीक आहेस' हे कौतुक एखाद्या आजारी मुलीचंही होत असेल. तिला दम का लागतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

या साऱ्यात मला आशा दिसते ती मुलींच्या पोलीस भरतीच्या तयारीत. ८०० मीटर धावायचं, १०० मीटर धावायचं, गोळा फेकायचा. त्यासाठी पोटभर जेवावं लागतं, मांड्या भरल्या तरी चालतात, उन्हाने काळवंडायची भीती धरून भागत नाही. कशी दिसते यापेक्षा गोळा किती लांब गेला, याला गुण असतात. रोवणीतलं जुनं माप इथे वेगळ्या रूपात परत येतं, आणि या वेळी त्याला पगाराची नोकरी जोडलेली असते.

पण उंचीची सर्वसाधारण अट १५५ सेंटिमीटरची आहे. काही घटकांना सवलत मिळते, सगळ्यांना नाही. दोन सेंटिमीटर कमी भरलेली मुलगी कितीही जोरात धावत असली तरी बाहेर पडते, आणि लहानपणी ताटात डाळ, अंडं, दूध कमी पडलं असेल तर ते दोन सेंटिमीटर कुठल्याच सरावाने भरून निघत नाहीत.